इंडक्शन मोटरचा स्पीड पीडब्ल्यूएमने कंट्रोल करताना: नुसता व्होल्टेज कापू नका, फ्रिक्वेन्सी पण सोबत न्या

डीसी मोटरवर पीडब्ल्यूएम (सप्लाय झपाट्याने चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज बदलणं) करून झालं की पुढचा विचार हमखास हाच येतो, की इंडक्शन मोटरला पण तसंच करू, लाईनमध्ये ट्रायक किंवा मॉस्फेटसारखा इलेक्ट्रॉनिक स्विच टाकू, ड्युटी सायकल (चालू वेळेचा हिस्सा) कमी केली की स्पीड कमी. मी पण सुरुवात तिथूनच केली होती. मोटर थोडी हळू होते खरी, पण मग गुणगुणायला लागते, बॉडीला हात लावला तर चटका बसतो आणि जरा लोड आला की जागच्या जागी थांबते.

कारण असं की इंडक्शन मोटरचा स्पीड मुळात व्होल्टेजवर ठरत नाही, फ्रिक्वेन्सीवर ठरतो. स्टेटरमधलं चुंबकीय क्षेत्र 120 गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल एवढ्या आरपीएमने फिरतं, म्हणजे 4 पोलची मोटर 50 हर्ट्झवर 1500. रोटर त्याच्या थोडा मागे राहतो, म्हणून नेमप्लेटवर 1440 वगैरे लिहिलेलं असतं, हा 60 चा फरक म्हणजे स्लिप. व्होल्टेज कमी केला तर क्षेत्र 1500 नेच फिरत राहतं, फक्त त्याची ओढ कमी होते, आणि ती व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. व्होल्टेज 70 टक्के, तर टॉर्क (फिरवण्याचा जोर) जवळपास अर्धा. रोटर मागे पडतो, आणि तो जेवढा मागे पडेल तेवढ्या हिश्शाची पॉवर रोटरमध्येच उष्णता होऊन जाते, अर्ध्या स्पीडला चालवली तर रोटरकडे गेलेल्या पॉवरमधली निम्मी नुसती गरम करण्यात जाते. पंख्याचा लोड स्पीडच्या वर्गाने उतरतो म्हणून छताच्या पंख्याचा रेग्युलेटर चालून जातो. कन्व्हेअर, लेथ, कॉम्प्रेसर यांच्यावर हा प्रकार करू नका, मोटर जळेल.

मग करायचं काय, तर फ्रिक्वेन्सी बदलायची आणि व्होल्टेज तिच्याबरोबर त्याच प्रमाणात न्यायचा. 400 व्होल्ट 50 हर्ट्झची मोटर असेल तर 400 भागिले 50, म्हणजे दर हर्ट्झला 8 व्होल्ट. 25 हर्ट्झला 200 व्होल्ट, 10 हर्ट्झला 80. हे प्रमाण सांभाळलं की कोअरमधला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) तेवढाच राहतो आणि टॉर्क पण तेवढाच मिळतो. फ्रिक्वेन्सी 25 केली आणि व्होल्टेज 400 च ठेवला तर कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे त्यात अजून फ्लक्स मावत नाही, आणि बिनलोडची मोटर सुद्धा भरमसाठ करंट खेचते. उलट 50 च्या वर गेलात तर व्होल्टेज वाढवायला जागाच नसते, फ्लक्स पातळ होतो आणि टॉर्क उतरतो, 70 हर्ट्झला सलग साधारण 70 टक्केच टॉर्क धरून चाला. अजून एक, 25 हर्ट्झला स्पीड 720 येईल असं बरेच जण धरतात, पण तेवढ्याच टॉर्कला स्लिप पण तेवढीच म्हणजे 60 च्या आसपास राहते, म्हणून 750 वजा 60, 690 च्या जवळपास येतो.

आता यात पीडब्ल्यूएम कुठे येतं. फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज बदलून देणारं जे यंत्र, त्याला ड्राइव्ह म्हणतात. ड्राइव्ह आधी एसीचं डीसी करते, 400 व्होल्टच्या लाईनवर ही आतली डीसी लाईन, म्हणजे डीसी बस, साधारण 565 व्होल्टची होते. पुढे सहा आयजीबीटी (जास्त पॉवरचे ट्रान्झिस्टर स्विच), दोन-दोनच्या तीन जोड्या, प्रत्येक जोडी एका फेजची. त्या नुसत्या चालू-बंद होतात, पण किती वेळ चालू आणि किती वेळ बंद हे एका साईन वेव्हप्रमाणे बदलत जातं. साईन हळू फिरवली की फ्रिक्वेन्सी कमी, साईनची उंची कमी केली की व्होल्टेज कमी, दोन्ही एकाच जागी हातात येतात, म्हणून ही पद्धत एवढी छान आहे. 4 किलोहर्ट्झचा कॅरिअर, म्हणजे स्विचिंगची फ्रिक्वेन्सी, आणि 50 हर्ट्झचं आउटपुट धरलं तर एका सायकलमध्ये 80 पल्स बसतात. स्कोपवर व्होल्टेज बघितला तर नुसत्या उभ्या भिंती दिसतात, पण त्याच वायरवर करंट प्रोब लावा, करंट जवळजवळ गुळगुळीत साईन दिसतो, कारण वायंडिंगचं इंडक्टन्स त्या पल्स सपाट करून टाकतं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी बराच वेळ स्क्रीनकडेच बघत बसलो होतो.

मोटर निवडताना एक गोष्ट आधी बघा, ती थ्री फेज आहे का. कपॅसिटरवाली सिंगल फेज मोटर ड्राइव्हवर टाकायच्या भानगडीत पडू नका, कपॅसिटर एका फ्रिक्वेन्सीसाठी निवडलेला असतो, ड्राइव्हच्या पल्स त्याला सोसत नाहीत आणि सेंट्रिफ्युगल स्विच असेल तर कमी स्पीडला स्टार्ट वायंडिंग परत जोडली जाऊन जळते. सप्लाय सिंगल फेज असला तरी चालतं, 230 व्होल्ट सिंगल फेज आत आणि थ्री फेज बाहेर अशा छोट्या ड्राइव्ह सर्रास मिळतात, फक्त त्यांचं आउटपुट 230 च्या वर जात नाही. म्हणून नेमप्लेट नीट वाचा. 230/400 लिहिलेली मोटर 230 च्या ड्राइव्हवर डेल्टात जोडायची आणि 400 च्या ड्राइव्हवर स्टारमध्ये. 400/690 लिहिलं असेल तर 400 च्या ड्राइव्हवर डेल्टा. डेल्टाची मोटर चुकून स्टारमध्ये राहिली तर टॉर्क एक तृतीयांश होतो आणि माणूस दिवसभर पॅरामीटरमध्येच चूक शोधत बसतो.

जोडणी सोपी आहे पण चुकलं तर माफी नाही. सप्लाय आर-एस-टी ला, मोटर यू-व्ही-डब्ल्यू ला. सप्लाय यू-व्ही-डब्ल्यू ला दिला की ड्राइव्ह गेलीच समजा. ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये कॉन्टॅक्टर टाकून चालू ड्राइव्हवर ऑन-ऑफ करू नका, थांबवायचं ते ड्राइव्हच्या रन-स्टॉपनेच. मोटर मेगर करायची (इन्सुलेशन तपासायची) असेल तर केबल ड्राइव्हपासून पूर्ण सोडवून मगच करा. पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर आउटपुटला अजिबात नकोत. मोटरची अर्थिंग वायर थेट ड्राइव्हच्या अर्थला आणा, आणि केबल शिल्डवाली घेतली तर शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ करा. पॅनेल उघडायच्या आधी सप्लाय बंद करून ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबा, 5 मिनिटं असेल किंवा 10, आणि मग मीटरने डीसी बस मोजून बघा. डिस्प्ले विझला म्हणजे कपॅसिटर रिकामे झाले असं नसतं, इथे घाई करू नका.

पॅरामीटर शेकडो असतात पण आधी नेमप्लेटवरचे पाचच टाका: व्होल्टेज, करंट, फ्रिक्वेन्सी, आरपीएम, किलोवॅट. त्यातला करंट सगळ्यात महत्त्वाचा, ड्राइव्हचं ओव्हरलोड प्रोटेक्शन त्याच्यावरच चालतं. मग किमान-कमाल फ्रिक्वेन्सी, ॲक्सिलरेशन 10 सेकंद, डिसिलरेशन 10 ते 15 सेकंद, आणि बेस फ्रिक्वेन्सी 50. बेस फ्रिक्वेन्सी नेमप्लेटप्रमाणेच ठेवा, 60 हर्ट्झच्या मोटरला 60. ती चुकली की व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचं सगळं गणितच चुकतं. पहिल्यांदा मोटर लोडपासून सोडवून 5 हर्ट्झवर फिरवा, दिशा बघा, उलटी फिरली तर आउटपुटच्या कुठल्याही दोन वायर अदलाबदल करा, इनपुटच्या बदलून काही होत नाही कारण मध्ये डीसी आहे. मग 10, 25, 50 असं वर न्या आणि प्रत्येक ठिकाणी तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने बघा, मीटर ट्रू आरएमएस असावा, आणि आउटपुट व्होल्टेज साध्या मल्टीमीटरने मोजून घाबरू नका, पल्सवर तो काहीही दाखवतो.

कमी स्पीडला टॉर्क का मिळत नाही, हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. 2.2 किलोवॅटची मोटर घ्या, करंट 5 अँपिअर आणि एका फेजचा रेझिस्टन्स 3 ओहम धरा. म्हणजे 15 व्होल्ट नुसत्या तांब्यात पडतात. 50 हर्ट्झला फेज व्होल्टेज 230, त्यातले 15 गेले तर काही कळत पण नाही. 5 हर्ट्झला फेज व्होल्टेज 23 च असतो, त्यातले 15 गेले तर फ्लक्स बनवायला उरलं काय! म्हणून ड्राइव्हमध्ये टॉर्क बूस्ट असतो, तो खालच्या फ्रिक्वेन्सीला थोडा व्होल्टेज वरून देतो. 2-3 टक्क्यांपासून सुरू करा आणि लोडवर मोटर उचलेल एवढाच वाढवा, कारण जास्त दिला तर बिनलोडला तीच मोटर सॅच्युरेट होऊन गरम होते. ड्राइव्हमध्ये सेन्सरलेस व्हेक्टर मोड (मोटरचा करंट बघून फ्लक्स आणि टॉर्क सांभाळणारा) असेल तर ऑटोट्यून करून तोच वापरा, तो रेझिस्टन्स स्वतः मोजतो आणि 3-5 हर्ट्झला साध्या व्ही/एफपेक्षा, म्हणजे वरच्या ठरलेल्या व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी प्रमाणापेक्षा, कितीतरी चांगलं चालवतो.

आणि हे मी स्वतः भोगलेलं आहे म्हणून सांगतोय. एका कन्व्हेअरची मोटर मी 12 हर्ट्झवर दिवसभर चालत ठेवली होती, करंट नेमप्लेटच्या आत, ट्रिप नाही, सगळं ठीक वाटत होतं. चौथ्या दिवशी वार्निश जळल्याचा वास आला आणि टर्मिनल बॉक्स उघडला तर वायंडिंगची टोकं काळी. मोटरचा कूलिंग फॅन तिच्याच शाफ्टवर असतो, शाफ्ट पाव स्पीडला म्हणजे फॅन पण पाव स्पीडला, आणि कन्व्हेअरला टॉर्क तर पूर्णच लागतो, मग करंट तेवढाच आणि हवा जवळपास नाहीच. तेव्हापासून 20-25 हर्ट्झच्या खाली सलग पूर्ण लोडवर चालवायचं असेल तर वेगळ्या सप्लायवरचा फॅन लावतो आणि वायंडिंगमध्ये पीटीसी थर्मिस्टर (तापमान ओळखणारा सेन्सर) असेल तर तो ड्राइव्हला जोडतोच जोडतो. पंप आणि पंख्याला ही भीती कमी, कारण तिथे स्पीड 80 टक्के केला की पॉवर साधारण निम्म्यावर येते, तिथे वीज पण खरी वाचते.

कॅरिअर फ्रिक्वेन्सीचं असं आहे की 2 किलोहर्ट्झला मोटर शिट्टीसारखी वाजते, 8 ला तो आवाज बराच जातो, पण आयजीबीटी जास्त वेळा स्विच होतात म्हणून हीटसिंक तापतो आणि ड्राइव्हची क्षमता थोडी उतरवून धरावी लागते. मी आवाजाचा त्रास नसेल तिथे 4 वरच ठेवतो. केबल लांब असेल तर मात्र काळजी घ्या, पल्स मोटरच्या टोकावरून परत उसळतात आणि टर्मिनलवर डीसी बसच्या जवळपास दुप्पट व्होल्टेज येऊ शकतो, म्हणजे 1100 च्या वर, जुन्या मोटरचं इन्सुलेशन तिथेच फुटतं. अशा वेळी आउटपुटला डीव्ही/डीटी फिल्टर (पल्सचा चढ मंद करणारा) टाका किंवा ड्राइव्हसाठीच बनवलेली इन्व्हर्टर ड्यूटी मोटर घ्या.

थांबवताना ओव्हरव्होल्टेज ट्रिप येत असेल तर ड्राइव्ह खराब नाहीये. जड फ्लायव्हील सारखा लोड पटकन थांबवायला गेलात की मोटर जनरेटर होते आणि ती एनर्जी बसच्या कपॅसिटरमध्ये येऊन बसते. डिसिलरेशन वाढवा, नाहीतर ब्रेकिंग रेझिस्टर लावा.

ज्यांना स्वतः इन्व्हर्टर बनवायचा आहे त्यांच्यासाठी थोडं. एका जोडीतले दोन आयजीबीटी क्षणभर जरी एकत्र चालू झाले तरी बस शॉर्ट होते, म्हणून डेड टाइम (दोन्ही बंद राहतील असा छोटा वेळ) ठेवा, सुरुवातीला 2-3 मायक्रोसेकंद, आणि तो टायमरच्या हार्डवेअरमधूनच काढा, कोडमधल्या डिलेवर सोडू नका. साईनसाठी टेबल आणि 32 बिटचा फेज अ‍ॅक्युम्युलेटर (साईनमध्ये कुठे आलो हे मोजत जाणारा काउंटर), 4 किलोहर्ट्झच्या इंटरप्टला 50 हर्ट्झसाठी दर वेळी 53687091 मिळवायचे, बाकीच्या दोन फेजसाठी त्यातच 1431655765 आणि त्याच्या दुप्पट मिळवून टेबल वाचायचं. साध्या साईन पीडब्ल्यूएमने 565 च्या बसमधून 346 व्होल्टच मिळतात, तिसरा हार्मोनिक एक षष्ठांश मिसळला की पूर्ण 400 मिळतात, लाईन टू लाईनमध्ये तो हार्मोनिक कटून जातो म्हणून मोटरला त्याचा पत्ताच लागत नाही. स्कोपचा साधा प्रोब मेन्सवरच्या सर्किटला लावू नका, त्याचा ग्राउंड क्लिप अर्थला असतो, डिफरन्शियल प्रोबच वापरा.

पहिली टेस्ट मेन्सवर नकोच. बेंच सप्लायवरून 40 व्होल्टची बस द्या, करंट लिमिट 2 अँपिअर, आणि 230/400 ची छोटी मोटर डेल्टात बिनलोड जोडा. 40 व्होल्टच्या बसमधून 24 व्होल्टच्या आसपास मिळतात, दर हर्ट्झला 4.6 हवेत, म्हणजे 5 हर्ट्झपर्यंत जागा आहे, पण रेझिस्टन्ससाठी थोडं सोडून 4 हर्ट्झवरच ठेवा. शाफ्टवर मार्करने एक रेघ ओढा आणि मोजा, 4 पोलला 10 सेकंदात 20 च्या जरा आत फेरे यायला हवेत, आणि रेघ झटके न खाता सरकायला हवी. झटके देत असेल तर आधी तिन्ही फेजचा क्रम आणि डेड टाइम तपासा. हे नीट चाललं की मग आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि व्हेरिअॅक (एसी व्होल्टेज हाताने कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून, सिरीजमध्ये 100 वॅटचा फिलामेंटचा बल्ब टाकून बस हळूहळू वर न्या, बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर कपॅसिटर चार्ज झाले, आणि उजळलेलाच राहिला तर लगेच बंद करून शॉर्ट शोधा.