पोळा ते दिवाळी: शेत, गोठा आणि घर यांच्या आरोग्यासाठी हंगामी सल्ला

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी होते. बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळले जाते, आणि त्या निमित्ताने घरधनी त्याच्या अंगावरून मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश हात फिरवतो. यंदा तो हात थोडा अधिक डोळसपणे फिरवावा, ही या सल्ल्यातली पहिली सूचना आहे. कानाच्या आत, गळ्याच्या पोळीखाली, जांघेत आणि शेपटीच्या मुळाशी गोचिडे आहेत का, कातडीखाली गाठी हाताला लागतात का, दातांवर तपकिरी पट्टे आले आहेत का, चालताना जनावर एखादा पाय चोरते का, हे नीट पाहून ठेवावे. ज्या विहिरीचे पाणी बैल पितो तेच पाणी घरातली लेकरे पितात, आणि ज्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तो चरतो त्याच धुऱ्यावर निंदणाऱ्या बाया दुपारी शिदोरी सोडतात. ढोर दिवसभर उघड्यावर असते, जमिनीलगत तोंड घालून खाते आणि दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी पिते, म्हणून पाण्यातला, गवतातला किंवा हवेतला दोष पुष्कळदा आधी गोठ्यात दिसतो. गोठ्यातले दुखणे हा घरासाठीही इशारा समजावा, असा आमचा आग्रह आहे.

फवारणी

या दोन महिन्यांतला सर्वांत मोठा धोका कीटकनाशकांचा आहे आणि विदर्भाला तो नव्याने सांगण्याची गरज नाही. 2017 च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तर शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे पीक, अनेक ठिकाणी डोक्याच्या वर गेली होती. पीक इतके उंच असले की नळी वर धरून फवारावे लागते आणि औषधाचे तुषार फवारणाऱ्याच्या चेहऱ्यावर, छातीवर आणि दंडांवर परत येतात. दोन-तीन औषधे एकाच टाकीत मिसळण्याची सवय, बारीक तुषार उडवणारे पंप आणि उकाड्याने घामाघूम झालेले अंग यांची त्यात भर पडते. औषध तोंडावाटे पोटात गेले तरच विष चढते, हा समज अजूनही घट्ट आहे. प्रत्यक्षात भिजलेल्या सदऱ्याखालची कातडी तासन्‌तास औषध शोषत राहते, आणि पाठीवरचा पंप गळत असेल तर सगळी पाठच त्यात भिजून निघते.

म्हणून पंप भरण्याआधी साध्या पाण्याने चालवून तो कुठे गळतो का ते पाहावे. पऱ्हाटी खांद्याच्या वर गेली असेल तर शेंडे खुडल्याशिवाय पाठीवरच्या पंपाने फवारू नये. फवारणी सकाळच्या गारव्यात, वारा पाठीवर घेऊन करावी आणि ऊन चढले की थांबवावी. अंगभर कपडे, हातमोजे, मास्क आणि चष्मा घालून भादव्याच्या उकाड्यात दिवसभर काम होत नाही, हे कबूल केले पाहिजे. त्यावरचा उपाय मास्क काढणे हा नसून कामाचे तास कमी करणे हा आहे, आणि एकाच माणसाला सलग अनेक दिवस फवारणीला लावू नये. मजुराकडून फवारून घेणाऱ्या शेतमालकाने ही साधने स्वतःच्या खर्चाने द्यावीत. ती त्याची जबाबदारी आहे, उपकार नव्हे. फवारणीच्या मध्ये खर्रा घोटणे किंवा तंबाखू मळणे पूर्णपणे टाळावे, कारण हातावरचे औषध त्यासोबत थेट तोंडात जाते. औषध कालवण्यासाठी पाणी आणून देणाऱ्या बाया आणि मुले फवारणी करत नसली तरी सर्वांत दाट औषधाच्या जवळ तीच असतात, तेव्हा गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना या कामापासून दूर ठेवावे. घरी आल्यावर लेकरांना जवळ घेण्याआधी साबणाने अंघोळ करावी आणि फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत.

डब्यावरचा त्रिकोण औषध किती विषारी आहे ते सांगतो. लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक औषध, असा अर्थ घेऊ नये.

मळमळ, डोके गरगरणे, तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, अंधूक दिसणे, स्नायू फडफडणे किंवा श्वास जड होणे यांपैकी काहीही जाणवले तर काम तिथेच सोडावे. माणसाला सावलीत मोकळ्या हवेत न्यावे, भिजलेले कपडे उतरवावेत, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दूध, तेल किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. रुग्णासोबत औषधाचा डबा किंवा निदान त्यावरचा कागद अवश्य न्यावा. ॲट्रोपिनचे इंजेक्शन काही गटांतल्या औषधांवर उपयोगी पडते, सर्वांवर नाही. डॉक्टरांना औषधाचे नाव कळले नाही तर उपचाराचा मोलाचा वेळ अंदाज बांधण्यात जातो, आणि चार औषधे मिसळली असतील तर चारही डबे न्यावे लागतात.

फवारलेले शेत आणि चरणारी ढोरे

जनावराला फवारणीचे विष बहुतेक वेळा तीन वाटांनी पोहोचते: फवारलेल्या शेताच्या धुऱ्यावरचे गवत, पंप धुतलेले पाणी आणि रिकामे डबे. तणनाशक किंवा कीटकनाशक मारल्यावर किती दिवस जनावर सोडू नये ते डब्यावर लिहिलेले असते. अक्षर बारीक असते आणि पुष्कळदा वाचताच येत नाही, तेव्हा विकत घेतानाच दुकानदाराला किंवा कृषी सहायकाला विचारून तो दिवस भिंतीवर खडूने लिहून ठेवावा. शेजाऱ्याने फवारले असेल तर गुराख्याला त्याच दिवशी निरोप गेला पाहिजे. पंप नाल्यात, हौदावर किंवा विहिरीच्या काठावर धुवू नये. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे आणि डब्याला भोके पाडावीत. पाणी, दूध किंवा रॉकेल ठेवण्यासाठी तो कधीही वापरू नये. विषबाधा झालेल्या जनावराच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, अंग थरथरते, शेण पातळ होते आणि श्वास लागतो. अशा वेळी 1962 क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागवावी, आणि डब्याचा नियम इथेही तोच.

युरियाची रिकामी गोणीसुद्धा गोठ्याजवळ टाकू नये. मिठाच्या ओढीने ढोर ती चाटते आणि पोट फुगून काही तासांत दगावू शकते. पावसाने ओढ दिलेल्या शेतातली कोवळी, सुकत चाललेली ज्वारी जनावराच्या तोंडी लागू देऊ नये. अशा ज्वारीतले विष, म्हणजे किराळ, लागल्यावर उपचाराला फार थोडा वेळ मिळतो.

पाणी

विदर्भाच्या पाण्याचे दुखणे जागोजागी वेगळे आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात, भूजलच खारे आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा मानली जाते. त्यापेक्षा जास्त पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात आणि पुढे हाडे व सांधे ताठरतात. बैलाच्या आणि गाईच्याही दातांवर तेच पट्टे येतात, दात लवकर झिजतात आणि जनावर लंगडू लागते. खांदशेकणीच्या दिवशी दात पाहा असे वर सांगितले ते याच कारणाने. एकाच बोअरवरच्या तीन-चार गोठ्यांत असे दात दिसले तर त्या पाण्याचा नमुना लगेच तपासायला द्यावा. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. अशा ठिकाणी पिण्यापुरते तरी दुसऱ्या स्रोताचे पाणी वापरावे. उथळ विहिरीत फ्लोराइड अनेकदा कमी सापडते, पण तेही तपासणीनेच ठरवावे.

नायट्रेटचा दोष मात्र बराचसा आपल्याच हातचा आहे. विहिरीजवळचा उकिरडा, गोठ्याचे मूत्र आणि शेतातून वाहून आलेला युरिया पावसाच्या पाण्याबरोबर झिरपत खाली जातात. लिटरला 45 मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे. जास्त नायट्रेटचे पाणी वापरून तान्ह्या बाळाला वरचे दूध पाजले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, त्यामुळे त्यालाही हीच बाधा होते आणि त्याचे रक्त चॉकलेटी रंगाचे दिसते. बाळ आणि वासरू इतक्या सारख्या रीतीने आजारी पडतात, हे लक्षात घेतले की उकिरडा विहिरीपासून किमान 50 फूट आणि उताराच्या बाजूला हलवण्याचा कंटाळा करवत नाही. नमुना ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत प्रयोगशाळेत पाठवता येतो. क्लोरीनच्या भुकटीने जंतू मरतात, नायट्रेट किंवा फ्लोराइड जात नाही, हा फरक गावात अजून पुरेसा पोहोचलेला नाही.

गवत, चिखल आणि ताप

पाऊस ओसरू लागला की गवत कमरेइतके होते आणि त्यासोबत स्क्रब टायफसचा हंगाम येतो. 2018 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि पूर्व विदर्भात या तापाने माणसे दगावली. उंदरांच्या अंगावर आणि झुडपांत राहणाऱ्या एका सूक्ष्म किड्याच्या अळीने चावा घेतला की हा ताप येतो. काखेत, जांघेत किंवा पट्ट्याच्या जागी जळाल्यासारखा काळा खवला दिसला तर तो डॉक्टरांना आवर्जून दाखवावा, कारण ही जागा दुखत नाही आणि कपड्याखाली राहून जाते. वेळेवर ओळखला तर या आजारावर स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. गवत कापताना पँटचे पाय मोज्यात खोचावेत, कपडे गवतावर वाळत घालू नयेत आणि परत आल्यावर गरम पाण्याने व साबणाने अंघोळ करावी.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात चिखलात उभे राहून काम करावे लागते. उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्रातून पाण्यात आलेले लेप्टोस्पायराचे जंतू पायाच्या भेगांतून आणि जखमांतून शरीरात शिरतात. पोटऱ्यांत ठणका, लाल डोळे आणि ताप ही माणसातली लक्षणे आहेत. गाईचा गाभ पडणे, दूध अचानक आटणे आणि लघवी लाल होणे ही गोठ्यातली. गाभ पडला तर वार किंवा मेलेले वासरू उघड्या हाताने उचलू नये, कारण ब्रुसेलासारखा दुसरा आजारही तिथूनच माणसाला लागतो. खड्ड्यात चुना टाकून ते खोल पुरावे, कुत्र्यांच्या तोंडी जाऊ देऊ नये आणि त्या गाईचे दूध उकळल्याशिवाय कोणीही पिऊ नये.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. चांदीपुरा विषाणू 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात पहिल्यांदा सापडला, त्यावरूनच त्याचे नाव पडले. तो पसरवणारी सँडफ्लाय ही बारीक माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि शेणाच्या ओलाव्यात वाढते. मुलाला एकाएकी जोराचा ताप, झटके किंवा गुंगी आली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण हा आजार एक-दोन दिवसांतच जिवावर बेततो. घराच्या आणि गोठ्याच्या भेगा लिंपून चुना लावावा आणि मुलांना मच्छरदाणीत झोपवावे.

लम्पीबाबत एक गैरसमज दूर केला पाहिजे. 2022 मध्ये राज्यभर पसरलेला हा आजार माणसाला होत नाही. तो माश्या, डास आणि गोचिडांमार्फत जनावरातून जनावरात जातो, म्हणून गाठी दिसलेले जनावर वेगळे बांधावे आणि पोळ्याच्या तोरणाखाली नेऊ नये.

या हंगामात तापासाठी दवाखान्यात गेल्यावर गवतात काम केले होते का, चिखलात उभे होतो का, गेल्या चार दिवसांत फवारणी केली होती का आणि गोठ्यातले जनावर आजारी आहे का, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी स्वतःहून सांगावे. पशुवैद्यकांनाही घरातला ताप सांगावा.

सोयाबीन घरी येताना

कापणीच्या वेळी पाऊस आला की कापलेल्या पिकाची सुडी (गंजी) ओली राहते आणि मळणीनंतरच्या कुटाराला (भुशाला) बुरशी येते. अशा कुटारात किंवा दमट पडलेल्या ढेपेत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष तयार होऊ शकते. ते खाल्लेल्या गाईचे यकृत बिघडते आणि त्या विषाचा अंश दुधात उतरतो. दूध उकळल्याने तो नाहीसा होत नाही, म्हणजे गोठ्यात टाकलेले काळे कुटार अखेर लेकराच्या पेल्यात येते. काळपट, कुबट वासाचे किंवा हातात घेतल्यावर धूळ उडणारे कुटार जनावराला घालू नये, चांगल्या कुटारात मिसळून खपवू नये आणि ढेप जमिनीला लागून न ठेवता फळीवर ठेवावी. मळणीयंत्रापाशी उभे राहणाऱ्याने नाका-तोंडाला ओला रुमाल बांधावा. दमा असलेल्याने ते काम दुसऱ्याला द्यावे. वणी-घुग्घुसच्या कोळसापट्ट्यात रस्त्यावरची कोळशाची धूळ बसू नये म्हणून वैरण रस्त्याच्या बाजूला न रचता आतल्या बाजूला झाकून रचावी आणि घालण्याआधी झटकून घ्यावी. सुडी हलवताना हात आत घालण्याआधी काठीने उचकून पाहावी, कारण उंदरांमागे साप येतात. चावा झालाच तर जखम कापू किंवा बांधू नये, अवयव न हलवता सरळ प्रतिसर्पविष मिळणाऱ्या रुग्णालयात न्यावे.