यावलजवळच्या शेतात अल्गोलची रात्र : निघण्यापूर्वीची तयारी

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावलजवळच्या एका शेतात, आपण ययाती तारकासमूहातील अल्गोल या ताऱ्याचे ग्रहण (त्याचा जोडीदार तारा समोरून गेल्याने होणारी तेजाची घट) साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याने मोजणार आहोत. हा तारा दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी 2.1 प्रतीवरून 3.4 प्रतीपर्यंत मंदावतो (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद). ही घट नुसत्या डोळ्यांनाही जाणवते. पण तिचा आलेख काढायचा तर छायाचित्रातील प्रत्येक आकड्यावर विसंबता आले पाहिजे. शेतात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून सॉफ्टवेअर घरीच इन्स्टॉल करून, आपल्याच कॅमेऱ्याच्या दहा-बारा छायाचित्रांवर शेवटपर्यंत चालवून पाहावे आणि मगच घराबाहेर पडावे.

प्रत्येक लॅपटॉपवर तीन ओपन सोर्स सॉफ्टवेअर असावीत : छायाचित्रांच्या शुद्धीकरणासाठी सिरिल, ताऱ्यांची तेजस्विता मोजण्यासाठी अ‍ॅस्ट्रोइमेजजे आणि छायाचित्रातला आकाशाचा भाग नेमका कोणता हे ओळखण्यासाठी अ‍ॅस्टॅप. अ‍ॅस्टॅपला ताऱ्यांची यादी स्वतंत्रपणे उतरवून द्यावी लागते. ती आपल्या लेन्सच्या दृष्टिक्षेत्राला साजेशी निवडावी, म्हणजे इंटरनेटवाचून काम अडणार नाही. तिन्ही विनामूल्य आहेत. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट ही की, आकडा कोणत्या गणिताने आला हे त्यांत उघडून पाहता येते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याची नोंद असलेला 1207 सालचा शिलालेख आपल्याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. तेथल्या विद्यार्थ्याने गणित न पाहता उत्तर स्वीकारू नये, असे मला मनापासून वाटते.

डिस्कवरील मोकळ्या जागेचा हिशेब आधीच करावा. 24 मेगापिक्सेलचे एक छायाचित्र 32 बिटमध्ये, तिन्ही रंगांसह उलगडले की 288 मेगाबाइट जागा घेते. अशी 200 छायाचित्रे म्हणजे सुमारे 58 गिगाबाइट झाली. आपल्याला रंगीत चित्र नको आहे, म्हणून सिरिलमध्ये केवळ हिरव्या रंगाची माहिती वेगळी काढण्याचा पर्याय वापरावा. त्यात एक फाइल सुमारे 24 मेगाबाइटवर येते आणि जुना लॅपटॉपही दमत नाही. सिरिलच्या तयार स्क्रिप्टना लाइट्स (ताऱ्यांची छायाचित्रे), डार्क्स, फ्लॅट्स आणि बायसेस (कॅमेऱ्याचे व लेन्सचे दोष वजा करण्यासाठीची छायाचित्रे; ती कशी घ्यायची ते पुढे आहे) या नावांचे चार फोल्डर, इंग्रजी लहान लिपीत, जसेच्या तसे लागतात. ते आदल्या दिवशीच करून ठेवावेत.

कॅमेऱ्याच्या घड्याळाबाबत मी विशेष आग्रही आहे. एका हिवाळ्यात आमच्या एका कॅमेऱ्याचे घड्याळ सतरा मिनिटे पुढे होते, ते आलेख काढताना लक्षात आले. किमान तेजाची वेळ चुकली आणि रात्रभराचे जागरण अर्धे वाया गेले. घड्याळ मोबाइलशी सेकंदापर्यंत जुळवावे आणि भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळेवरच (यूटीसी) लावावे, कारण अ‍ॅस्ट्रोइमेजजे फाइलमधील वेळ जागतिक वेळ समजूनच ज्युलियन दिनांक (खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी) काढते. वेळ लावल्यावर एक छायाचित्र घेऊन त्याची नोंद सिरिलमध्ये उघडून पाहावी.

प्रत्यक्ष छायाचित्रे फक्त रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) घ्यावीत. फोकस मुद्दाम किंचित ढळता ठेवावा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश अनेक पिक्सेलवर पसरतो आणि एखादेच पिक्सेल भरून वाहत नाही. 14 बिटच्या कॅमेऱ्यात एका पिक्सेलचा कमाल आकडा 16383 असतो. पहिल्या छायाचित्रातच अल्गोलच्या मध्यावर माउस नेऊन आकडा पाहावा आणि तो दहा-बारा हजारांच्या आत राहील एवढेच एक्स्पोजर ठेवावे. तुलनेसाठी ययातीतलाच मिरफाक हा तारा चौकटीत असावा, मात्र तो अल्गोलहून तेजस्वी असल्याने त्याचाही आकडा तपासावा. अल्गोलच्या अगदी जवळचा ऱ्हो ययाती तुलनेसाठी मोहात पाडतो, पण तो स्वतःच 3.3 ते 4.0 प्रतींदरम्यान बदलणारा तारा आहे. त्याला अ‍ॅस्ट्रोइमेजजेच्या तुलना-ताऱ्यांत चुकूनही घेऊ नये.

डार्क छायाचित्रे लेन्सवर झाकण लावून, त्याच आयएसओवर, त्याच एक्स्पोजरने आणि शेतातल्याच थंडीत घ्यावीत; घरी परतल्यावर घेतलेली डार्क उपयोगाची नाहीत. फ्लॅटसाठी धुतलेले पांढरे सुती कापड सुरकुती न पडता लेन्सवर ताणावे आणि पहाटेच्या एकसारख्या उजेडात, फोकसला व अ‍ॅपर्चरला हात न लावता छायाचित्रे घ्यावीत. बायससाठी झाकण लावून सर्वांत कमी एक्स्पोजर पुरते. ही सारी छायाचित्रे राहून गेली, तर नंतर कोणतेही सॉफ्टवेअर ती उणीव भरून काढू शकत नाही.

केळीच्या बागेच्या कडेला पहाटे दव फार पडते. लेन्सभोवती गुंडाळायला कोरडे फडके, लॅपटॉपखाली घोंगडी आणि झाकायला प्लॅस्टिकचा कागद असावा. पंपाच्या खोलीवरचा दिवा रात्रभर बंद ठेवण्याविषयी शेतमालकांशी दिवसाच बोलून घ्यावे, आणि विजेच्या वेळापत्रकावर न विसंबता पॉवर बँक व लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आणावेत. उजाडल्यावर सामान आवरण्याआधी सर्व फाइल दोन वेगळ्या डिस्कवर उतरवाव्यात, दोन्हींवर एकेक फाइल सिरिलमध्ये उघडून पाहावी, आणि आलेख हाती येईपर्यंत कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये.