पीसीबीचा लेआउट मेकॅनिकल कॅडमध्ये कसा आणावा

महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीत किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक्स युनिटमध्ये बोर्ड (पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पार्ट बसवायची सर्किटची पाटी) काढणारा एक असतो आणि तो बोर्ड ज्यात बसतो तो डबा मेकॅनिकल कॅडमध्ये काढणारा दुसरा. दोघांत फाइल फिरते ती बहुधा व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर. ती उघडली की काम झालं असं वाटतं, पण खरी तपासणी तिथूनच सुरू होते. उदाहरणाला सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा लेव्हल कंट्रोलर घेऊ: दोन रिले, वायर कसायचे टर्मिनल, एक छोटा ट्रान्सफॉर्मर, आणि हे सगळं भिंतीवरच्या प्लास्टिकच्या डब्यात.

आधी फाइलचा फॉरमॅट ठरवा. जुनी पद्धत आयडीएफची. त्यात दोन मजकुरी फाइली जोडीने येतात: ईएमएनमध्ये बोर्डाची कड, भोकं आणि पार्टच्या जागा, तर ईएमपीमध्ये प्रत्येक पार्टचा आकार आणि उंची. एक पाठवून दुसरी विसरली तर पार्ट दिसणार नाहीत. शिवाय आयडीएफमध्ये पार्ट म्हणजे वरून दिसणारी बाह्यरेषा सरळ वर उचललेली. टर्मिनलचं वायर घालायचं तोंड किंवा आडवा वाकवलेला रेग्युलेटर त्यात कळत नाही, सगळे ठोकळेच. दुसरा फॉरमॅट स्टेप. त्यात पार्टचा खरा आकार येतो आणि सॉलिडवर्क्स, फ्यूजन, फ्रीकॅड अशा मेकॅनिकल कॅड सॉफ्टवेअरमध्ये सगळीकडे तो उघडतो. डब्याला कनेक्टरची खिडकी कापायची असेल तर स्टेपच मागा.

आता बोर्ड काढणाऱ्याचं काम. किकॅड या बोर्ड काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एज कट्स लेयरवरची (बोर्डाच्या कडेची) बाह्यरेषा पूर्ण बंद आहे ना, हे पाहा. कुठे बारीकशी फट राहिली तर बोर्डाचा ठोकळाच तयार होत नाही. मग ओरिजिन, म्हणजे सगळी मापं जिथून मोजायची तो शून्यबिंदू. हे दोघांनी बोलून ठरवायचं, आणि मी माउंटिंगच्या डाव्या-खालच्या भोकाचं केंद्र सुचवेन, कारण डब्यातले बॉसही (बोर्ड स्क्रूने बसवायचे उंचवटे) त्याच भोकांवरून काढले जातात. प्लेस मेनूतून ड्रिल-प्लेस फाइल ओरिजिन तिथे ठेवा आणि फाइल मेनूतल्या एक्स्पोर्टमधून स्टेप काढताना तेच ओरिजिन निवडा. ट्रॅक आणि पॅड (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा आणि पार्ट सोल्डर करायच्या जागा) घालण्याचा पर्याय दिसला तर बंद ठेवा. डब्याला त्यांचा उपयोग नाही आणि फाइल उगाच जड होते.

डब्याच्या बाजूला ही फाइल असेंब्लीत (सगळे भाग एकत्र बसवलेल्या फाइलीत) पार्ट म्हणून आणा आणि ओरिजिनला खिळवा. मग काहीही काढण्याआधी मोजा. बोर्डाची लांबी-रुंदी, जाडी (नेहमीचा बोर्ड 1.6 मिमी) आणि दोन भोकांमधलं अंतर. आयडीएफ असेल तर नोटपॅडमध्ये उघडून एकक बघा, एमएम की थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.0254 मिमी. 100 मिमीचा बोर्ड थाऊमध्ये 3937 असतो. तो आकडा मिमी समजून वाचला गेला तर बोर्ड जवळपास चार मीटरचा होतो. इतकी मोठी चूक लगेच दिसते. मिलिमीटर-दोन मिलिमीटरची दिसत नाही, म्हणून मोजायचं.

सर्वांत जास्त वेळ उंचीला द्या. ज्या पार्टला लायब्ररीत 3डी मॉडेल जोडलेलं नाही, तो स्टेपमध्ये येतच नाही, आणि तिथे मोकळी जागा आहे असा भास होतो. म्हणून बोर्डवाल्याकडून पार्टची यादी मागून घ्या आणि उंच पार्ट एकेक करून ताडून बघा: रिले, ट्रान्सफॉर्मर, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, टर्मिनल. नेहमीचा छोटा 5 व्होल्टचा रिले पंधरा-सोळा मिमी उंच असतो. मॉडेल नसेल तर डेटाशीटमधली कमाल उंची घेऊन साधा ठोकळा काढा. खरेदीवाला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दुसऱ्या कंपनीचा कपॅसिटर आणू शकतो, तेव्हा वर थोडी मोकळीक हवीच. बोर्डाखालीही बघा: पार्टचे पाय आणि सोल्डर तिथे बाहेर आलेले असतात. डबा पत्र्याचा असेल आणि बोर्डावर 230 व्होल्ट असतील, तर खालचं अंतर सुरक्षा मानकाप्रमाणे ठरवा, नजरेने नाही.

यानंतर झाकण लावून सॉफ्टवेअरची इंटरफिअरन्स तपासणी (कुठला भाग दुसऱ्यात घुसतो का ते) चालवा. पेचकस टर्मिनलच्या स्क्रूपर्यंत सरळ पोचतो का तेही बघा. ही गोष्ट सॉफ्टवेअर सांगत नाही. साइटवर शिडीवर उभं राहून वायर कसणाऱ्या इलेक्ट्रिशियनला ती लगेच कळते.

भोक सरकवायचं ठरलं तर ते फक्त डब्याच्या फाइलमध्ये सरकवू नका. बदललेली बाह्यरेषा आणि भोकं डीएक्सएफ या 2डी ड्रॉइंगच्या फॉरमॅटमध्ये, मिमी एककात काढून बोर्डवाल्याला पाठवा. फाइलच्या नावात रिव्हिजन आणि तारीख घाला. त्याने लेआउट बदलला की स्टेप पुन्हा मागवा आणि जुनी असेंब्लीतून काढून टाका. बोर्ड फॅब्रिकेशनला जाण्याआधी लेआउटची 1:1 प्रिंट घ्या, तिच्यावर खरा रिले आणि टर्मिनल ठेवून बघा, आणि प्रिंटरने मापात फरक केला नाही ना हे पट्टीने तपासा.