आधी आवळा, मग सोडा: स्नायू शिथिल करण्याचा सराव

"जरा रिलॅक्स हो" म्हटल्याने कुणी रिलॅक्स होत नाही. खांदे कानाशी चढलेत, दात आवळलेत, हे ताणात असलेल्या माणसाच्या गावीही नसतं. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२९ साली सविस्तर मांडलेली पद्धत इथूनच सुरू होते: आधी ताण ओळखायला शिका, मग तो सोडा. शवासनात नुसतं लक्ष देऊन अंग सैल करतात. इथे स्नायू मुद्दाम आवळायचा असतो. नवख्याला ते सोपं जातं, कारण फरक हाताला कळतो.

मान टेकेल अशा खुर्चीत बसा किंवा उताणे पडा. पट्टा सैल करा, चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स काढा. पोटभर जेवून लगेच नको.

उजव्या हाताची मूठ आवळा (डावखुऱ्यांनी डाव्या). ५ ते ७ सेकंद, पाऊण जोराने. मग एकदम सोडून द्या. हळूहळू सोडलं तर स्नायू अर्धवट ताणातच राहतो. पुढचे ३० ते ४० सेकंद काहीच करायचं नाही, हात कसा जड होतो तेवढं बघायचं. खरा सराव या सेकंदांत होतो आणि लोक नेमके तेच गाळतात. प्रत्येक भाग दोनदा.

मुठीनंतर दंड: कोपर खाली दाबा. मग दुसरा हात. भुवया वर उचलून कपाळ. डोळे मिटून, नाक मुरडून गाल. दात आवळून, ओठांचे कोपरे मागे ओढून जबडा. हनुवटी छातीकडे ओढा, पण टेकू देऊ नका. खांद्यांची पाती मागे जवळ आणा. गुद्दा बसणार असल्यासारखं पोट कडक करा. मग एकेका पायाची मांडी, पोटरी (पंजा स्वतःकडे ओढून) आणि पाऊल. पोटरी-पावलाला ३ ते ५ सेकंदच, नाहीतर गोळा येतो. असे १६ भाग होतात आणि साधारण २५ मिनिटं लागतात.

श्वास रोखू नका. मानेचं किंवा पाठीचं दुखणं, नुकतं झालेलं ऑपरेशन, काचबिंदू, अनियंत्रित रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा; दुखणारा भाग न आवळता नुसता सैल सोडला तरी चालतो.

"झालो का शांत?" असं मध्येच तपासत बसलात की ताण परत येतो. काहींना सैल होतानाच घाबरल्यासारखं होतं. तेव्हा डोळे उघडा, पाय जमिनीवर टेकवा आणि काही दिवस फक्त हातांवर सराव करा. झोप लागत असेल तर रात्री उत्तमच, पण दिवसाचा सराव बसूनच करा.

दिवसातून दोनदा, दोन-तीन आठवडे. नंतर भाग एकत्र करा: दोन हात, चेहरा, मान, धड, दोन पाय असे ७, मग दोन्ही हात, चेहरा-मान, धड, दोन्ही पाय असे ४. शेवटी न आवळता, फक्त सैलपणा आठवून सोडायचं. भांडण पेटलेलं असताना पहिल्यांदा करून बघाल तर जमणार नाही; निवांत वेळी हात बसला की मीटिंगमध्ये टेबलाखाली मूठ सोडून, खांदे उतरवून काम भागतं, शेजारच्याला पत्ताही लागत नाही.