'आस्क' शिकायचं आहे ना, मग आधी आपलं 'पुसणं' आठवा

संध्याकाळी गावातले दहावी-बारावीचे पोट्टे माझ्याकडे इंग्रजीसाठी येऊन बसतात, आणि राजेहो, सगळ्यात जास्त चुका होतात त्या 'आस्क' मध्ये, तीन अक्षरांचा शब्द पण बारावीपर्यंत नीट बसत नाही. मी आता तो व्याकरणातून शिकवतच नाही, घरच्या बोलीतून सुरुवात करतो.

आपल्याकडे 'विचारलं' कमी आणि 'पुसलं' जास्त, "सरले पुस", "मायले पुसून ये". मी बाहेरगावी शिकायला होतो तेव्हा वर्गात "सर, एक पुसू का" म्हटलं तर सगळे हसले, त्यांच्याकडे पुसणं म्हणजे फडक्यानं पुसणं, मग मी वर्षभर हातच वर केला नाही. पण त्या फडक्याच्या पुसण्याचं मूळ वेगळं आहे. आपलं पुसणं संस्कृतच्या 'पृच्छति' वरून, प्राकृतात 'पुच्छइ', हिंदीत 'पूछना'. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी १३ व्या शतकात लीळाचरित्र लिहिलं, त्यात 'पुसिलें' किती वेळा येतं ते बघा. आणि जे हसतात तेही 'विचारपूस' म्हणतातच की, त्यातली 'पूस' हीच. फारसीत 'पुर्सीदन', जर्मनमध्ये 'फ्रागेन', सगळं एकाच मुळाचं गोत. इंग्रजीत त्या गोतातला 'प्रे' आहे, म्हणजे प्रार्थना करणं, तो लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेनं आला.

मग 'आस्क' कुठला? तो 'इच्छा' चा नातेवाईक. संस्कृत 'इच्छति' आणि जुन्या इंग्रजीतलं 'आस्कियन' एकाच मुळातून आलेत, हवं असणं, शोधणं असा त्याचा अर्थ. हे पोट्ट्यांना सांगितलं की अर्धं काम होतं, कारण आस्कमध्ये विचारणंही आहे आणि मागणंही आहे.

जुन्या इंग्रजीत याची दोन रूपं होती, 'आस्कियन' आणि 'आक्सियन'. १५३५ च्या, कव्हरडेल नावाच्या भाषांतरकाराच्या इंग्रजी बायबलात "मागा म्हणजे मिळेल" या वाक्यात 'आक्स' च छापलंय, साधारण १६०० पर्यंत ते लिहिण्यात चालायचं, नंतर 'आस्क' शुद्ध ठरलं आणि 'आक्स' गावंढळ. अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक आणि कॅरिबियन बेटांवरचे लोक अजूनही 'आक्स' म्हणतात आणि त्यांनाही हसणारे भेटतात. आपण पीकविम्याच्या फॉर्मवर 'नुकसान' लिहितो आणि बोलताना 'नुसकान' म्हणतो, तीच क आणि स ची अदलाबदल. परीक्षेत मात्र आस्कच लिहा, आणि भूतकाळात 'आस्क्ड' चा उच्चार 'आस्कड' नको, 'आस्क्ट' करा, त्यातला क घाईत गिळला गेला तरी चालतो, इंग्रज लोकही गिळतात.

आता वापर. वाक्य मनात आधी आपल्या बोलीत म्हणा. 'पुसलं' आलं तर नुसतं आस्क. "मी सरले पुसलं" म्हणजे "आय आस्क्ड सर". इथे 'ले' ऐकू येतो म्हणून पोट्टे "आस्क्ड टू सर" करतात, तो 'टू' काढा, आस्कच्या पोटात 'ले' आधीच आहे. हीच चूक सगळ्यात जास्त, म्हणून माझ्याकडे दहा वाक्यं लिहून घेतल्याशिवाय पुढे जात नाही. 'मांगतलं' आलं तर 'आस्क फॉर', मायनं पाणी मांगतलं, "आई आस्क्ड फॉर वॉटर". हा 'फॉर' विसरू नका. 'सांगतलं' आलं आणि पुढे काहीतरी करायचं असेल, जसं "डॉक्टरनं मले सोमवारी याले सांगतलं", तर "द डॉक्टर आस्क्ड मी टू कम ऑन मंडे". इथे 'टू' पाहिजे, पण तो माणसाआधी नाही, कामाआधी.

"त्यानं पुसलं का तुय नाव काय हाय" हे वाक्य अवघड जातं, कारण आपण प्रश्न जसाच्या तसा ठेवतो आणि इंग्रजी तो उलटवते. "ही आस्क्ड व्हॉट माय नेम वॉज", 'वॉज' शेवटी, आणि प्रश्नचिन्ह नाही.

एसटी स्टँडवर 'चौकशी' च्या खिडकीत आपण इन्क्वायरी करतो, आणि सरपंचावर इन्क्वायरी लागली असंही म्हणतो. ब्रिटिश लोक बहुतेक वेळा पहिलीला 'ई' नं सुरू करतात आणि दुसरीला 'आय' नं. मूळ एकच, लॅटिन 'क्वेरेरे' म्हणजे शोधणे, क्वेश्चन आणि क्वेस्ट त्याचेच. पण स्टँडवर बसची वेळ पुसायला इन्क्वायर वापरू नका, जड वाटतं, आस्क पुरे.

'आस्क आफ्टर' मी मुद्दाम शेवटी शिकवतो. कोणी तुमच्या आजारी आजीची विचारपूस केली तर "ही आस्क्ड आफ्टर माय ग्रँडमदर". आज घरी जाऊन आजीले सांगा की अमक्यानं तुयी विचारपूस केली, मग तेच वाक्य इंग्रजीत वहीत उतरवून उद्या घेऊन या.