उरलेल्या कापडाचा स्कर्ट: मशीनवर बसण्याआधी

स्कर्ट कसा हवा ते नंतर ठरवा. आधी शिल्लक तुकडे जमिनीवर पसरा आणि टेपने मोजा. अंगाची मापं तीनच: सीटचा, म्हणजे नितंबांचा घेर, उंची आणि इलॅस्टिकपुरती कंबर. बिनचेनीचा स्कर्ट सीटवरूनच वर चढतो, म्हणून वरचा घेर सीटपेक्षा निदान दोन इंच जास्त हवा, चुण्या हव्यात तर दीडपट. ४० इंच सीटला ६० इंच घेर, म्हणजे ४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडाचे दोन पाट, म्हणजे दोन तुकडे, जोडणं आलं. ३० इंच उंचीत नेफ्याचे (इलॅस्टिक ओवायच्या दुमडीचे) दीड आणि खालच्या दुमडीचे दीड मिळवले की एक पाट ३३ इंचांचा, दोन पाटांना पावणेदोन मीटर. एवढं सलग कापड उरतं कुठे? कमी पडलं तर उंची कमी करा, घेराला हात लावू नका. उंचीची भरपाई दुसऱ्या कापडाच्या झालरीने होते.

झालर लावणार असाल तर दोन्ही कापडं आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. मी एकदा आळस केला. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या कापडाला कोरी सुती झालर जोडली. पहिल्याच धुण्यात झालर आटली आणि जोडावर बारीक सुरकुत्यांची रांग उमटली, ती इस्त्रीनेही गेली नाही. रंग जातो का ते कळायला गडद रंगावर ओला पांढरा रुमालही घासून बघा. उभा धागा किनारीच्या दिशेने जातो; तुकड्याची किनार कापली गेली असेल तर दोन्ही दिशांनी ताणून बघा: ज्या दिशेने कमी ताणतो तो उभा धागा. तो स्कर्टच्या उंचीत येऊ द्या.

बाकी सामान नेहमीचं: खडू, टाचण्या, कापडाच्या रंगाचा दोरा, भरलेली बॉबिन. पातळ सुतीला ११ नंबरची सुई, जाडसर कापडाला १४ ची. जोडाला दोन्हीकडे अर्धा इंच माया (शिलाईबाहेरचं जादा कापड) सोडा. चुण्यांसाठी मोठ्या टाक्याच्या दोन समांतर ओळी घाला. एकाच ओळीवर ओढलं आणि दोरा तुटला की सगळं पुन्हा.

इलॅस्टिक एक इंच रुंद घ्या, कंबरेपेक्षा दोनेक इंच कमी. कापण्याआधी पोटाभोवती धरून खाली बसून बघा, उभ्याने ते नेहमी सैलच वाटतं. ओवायला सेफ्टी पिन लागेल, आणि दुसरं टोक नेफ्याच्या तोंडाशी टाचून ठेवायला आणखी एक, नाहीतर ते आत गडप होतं.