एज्ड केअरच्या केसमध्ये एक्स्पर्ट रिपोर्ट मागितला तर कसा लिहायचा

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये फिजिओ, ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट), सीनियर नर्स किंवा सेफ्टीचं काम करणारी आपली मराठी मंडळी बरीच आहेत, आणि अनुभव जरा वाढला की कधीतरी सॉलिसिटरचं पत्र येऊन पडू शकतं, की अमक्या केअर वर्करची पाठ गेलीय, ती काम करते त्या नर्सिंग होममधली (म्हणजे वृद्धांच्या देखभालीच्या, एज्ड केअरच्या, जागेतली) कामाची पद्धत सेफ होती का यावर मत द्या. वाचून बरं वाटतं. पण लगेच हो म्हणू नका.

आधी बघायचं की केस कुठली आहे. साधा वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा (कामावर लागल्याच्या भरपाईचा) क्लेम नो-फॉल्ट असतो, तिथे चूक कुणाची हा प्रश्नच नाही, डॉक्टरांच्या रिपोर्टवर काम भागतं. आपली गरज पडते ती मालकाचा निष्काळजीपणा दाखवायचा असतो तेव्हा, म्हणजे वर्क इंज्युरी डॅमेजेसचा दावा (त्याला किमान १५ टक्के कायमचं इम्पेअरमेंट, म्हणजे शरीराची कायमची हानी, लागते), किंवा माणूस एजन्सीचा असेल तर ज्या होममध्ये लागलं त्यांच्यावरचा दावा.

मग युनिफॉर्म सिव्हिल प्रोसिजर रूल्स २००५ चं सातवं शेड्यूल काढून नीट वाचा, एक्स्पर्टचा कोड ऑफ कंडक्ट तिथे आहे. पैसे कोणीही देवो, तुमचं पहिलं कर्तव्य कोर्टाशी. कोड वाचला आणि मान्य आहे हे रिपोर्टमध्ये लिहावंच लागतं. आणि सॉलिसिटरला ईमेल करताना जपून, 'आपली बाजू भक्कम आहे' असलं काही लिहू नका, ते उद्या समोरच्या बॅरिस्टरच्या हातात पडू शकतं.

आता कागद मागवा. पॉलिसीची फाइल बहुतेक सगळीकडे देखणीच असते, तिच्यावर वेळ घालवू नका. त्या शिफ्टचा रोस्टर, रेसिडेंटचा केअर प्लॅन, आधीच्या काही आठवड्यांच्या प्रोग्रेस नोट्स, जुने इन्सिडेंट रिपोर्ट, होइस्टचे (माणूस उचलायच्या यंत्राचे) सर्व्हिस रेकॉर्ड, हे हवं. समजा केअर प्लॅनमध्ये 'होइस्ट, दोन जण' लिहिलंय आणि वर्करने पहाटे एकटीने आजोबांना बेडवरून शॉवर चेअरवर घेतलं. वरवर बघता चूक तिचीच. पण त्या साइझचे स्लिंग (होइस्टला अडकवायच्या कापडी झोळ्या) किती होते, त्यातले लाँड्रीत किती, होइस्टची बॅटरी चार्जिंगला होती का, दुसरी केअरर त्यावेळी कुठल्या विंगमध्ये होती, आणि एकट्याने उचलणं तिथे रोजचंच होतं का, मॅनेजरला माहीत होतं का? खरी केस इथे असते.

शक्य असेल तर जागेवर जा, टेप आणि फोर्स गेज (ढकलायला किती जोर लागतो ते मोजायचं साधन) घेऊन. बेड किती खाली-वर होतो, बेडशेजारी होइस्ट वळायला जागा किती, बाथरूमचं दार किती रुंद, सगळं मोजा. कार्पेटवर रिकामा होइस्ट ढकलणं आणि माणूस बसलेला ढकलणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो आकड्यात दाखवा.

रिपोर्टचा जीव मात्र कारणांमध्ये असतो. २००१ ची मकिता केस वाचाच. कामाच्या ठिकाणी जिन्यावरून घसरून पडण्याचा मामला, मोठ्या प्रोफेसरचा रिपोर्ट, आणि तरी कोर्ट ऑफ अपीलने तो मानला नाही, कारण गृहीत धरलेल्या गोष्टींपासून निष्कर्षापर्यंतची वाट स्पष्ट दिसायला हवी. म्हणजे 'माझ्या २० वर्षांच्या अनुभवानुसार पद्धत असुरक्षित होती' हे चालत नाही. असं लिहा: मला असं गृहीत धरायला सांगितलंय की त्या वेळी मिडियम स्लिंग उपलब्ध नव्हता; रेसिडेंटचं वजन ७८ किलो, पायावर भार घेता येत नाही; अशा माणसाला हाताने उचलताना वाकून, लांबून भार येतो; प्रत्येक विंगला दोन जादा स्लिंग ठेवणं हा स्वस्त आणि सहज उपाय होता; तो असता तर उचलायची वेळच आली नसती. गृहीतक खोटं ठरलं तर मत कुठे बदलेल तेही सांगून टाका.

दुसरी केस डासरीफ, हायकोर्ट (ऑस्ट्रेलियात हेच सर्वोच्च कोर्ट), २०११, सिलिका धुळीची. तज्ज्ञ होता शिकलेला, पण श्वासात किती धूळ गेली याचा आकडा काढायचं ज्ञान त्याच्याकडे असल्याचं दाखवलं नव्हतं, म्हणून ते मत बाद. एव्हिडन्स ॲक्टचं कलम ७९ हेच म्हणतं, मत ट्रेनिंग, अभ्यास किंवा अनुभवातल्या विशेष ज्ञानावर उभं हवं. तेव्हा फिजिओने रोस्टरिंगच्या बजेटवर आणि नर्सने मणक्याच्या एमआरआयवर बोलू नये. आणि 'मालक निष्काळजी होता' हे तर लिहूच नका, ते जजने ठरवायचं.

आकडे वापरताना तारीख बघा. दर रेसिडेंटमागे दिवसाला सरासरी २१५ केअर मिनिटं (स्टाफने द्यायचा देखभालीचा वेळ), त्यात ४४ रजिस्टर्ड नर्सची, हा नियम ऑक्टोबर २०२४ पासूनचा, त्याआधी ऑक्टोबर २०२३ पासून २०० होती, ते २०२१ च्या घटनेला लावलं तर क्रॉसमध्ये (समोरच्या वकिलाच्या उलटतपासणीत) सालटी निघतील. तसंच पेशंट हाताने हलवण्यासाठी सांगितली जाणारी १६ किलोची मर्यादा, ती अमेरिकेतल्या नायॉश या कामाच्या जागच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेकडून २००७ मध्ये आलेली शिफारस आहे, ऑस्ट्रेलियन कायदा नव्हे. वापरा, पण तसं सांगून.

पुढे समोरच्या एक्स्पर्टबरोबर बसून जॉइंट रिपोर्ट करावा लागू शकतो, कशावर एकमत, कशावर नाही आणि का. कोर्टातही कधी दोघांना एकत्र बसवून विचारतात, त्याला तिकडे हॉट टब म्हणतात. तिथे सॉलिसिटरला विचारून उत्तरं द्यायची नसतात. समोरच्याचा मुद्दा पटला तर पटला म्हणा, मत बदललं तर सप्लिमेंटरी रिपोर्टमध्ये कारणासकट लिहून द्या. सॉलिसिटर नाराज होईल, होऊ दे.